पायाळू ऑपरेटर

खडकमळ्याच्या ग्रामपंचायतीत वीज ओळखणारं यंत्र बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, आभाळात औषधालाही ढग नसताना, ते बोंबललं.

आणि बोंबललं म्हणजे काय, छपरावरचा भोंगा असा सुटला की पार निरगुडसरच्या वाटेवर चरणाऱ्या म्हशींनी शेपट्या वर केल्या. यंत्र बसवायला आलेल्या माणसाने जाताना गावाला एक धडा पढवला होता. "हे मशीन लांबची वीज आधीच ओळखतं. भोंगा वाजला की रानातून सरळ घर गाठायचं, झाडाखाली थांबायचं नाही." गाव आज्ञाधारक. कांदा काढणाऱ्या बायांनी पदर खोचले आणि भर वैशाखाच्या उन्हात घराकडे धूम ठोकली. घरात शिरता शिरता जुन्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकीने हाताला लागेल ते लोखंड अंगणात भिरकावलं, म्हणजे वीज आलीच तर त्या लोखंडावर पडावी, घरावर नको. विळे, कोयते, पहारी, तवे. एकाने तर घाईघाईत जावयाची मोटरसायकल अंगणात ढकलून दिली आणि जावयाला आत ओढलं.

ग्रामपंचायतीत त्या वेळी दोनच माणसं होती. एक ऑपरेटर सुदर्शन, म्हणजे गावाचे दाखले कॉम्प्युटरवर काढून देणारा. आणि दुसरा शिपाई हौशीराम, म्हणजे ते दाखले निघेपर्यंत लोकांना गप्पांत गुंतवून ठेवणारा. यंत्राचा डबा सुदर्शनच्या डोक्यावर, कॉम्प्युटरच्या वरच्याच भिंतीवर ठोकला होता, कारण प्लग तिथं होता. सरकारी कचेरीत चालू प्लग एकच असतो आणि गावाची सगळी प्रगती त्याच्याभोवती दाटीवाटीने राहते.

"हौशीराम, बघा बरं, आभाळ भरलंय का?" सुदर्शन कानात बोटं घालून ओरडला.

"आभाळ? डोळं उघडवंनात उन्हानं. ढग म्हणशील तर शपथंला न्हाई."

सुदर्शन स्वतः ओट्यावर गेला आणि मान मोडेस्तोवर आभाळ न्याहाळू लागला. आत कॉम्प्युटरला कुणी हात लावेना, तेव्हा तो सवयीप्रमाणे झोपी गेला. पडदा काळा झाला आणि भोंगाही गप्प बसला.

"गेली बाबा वीज," म्हणत सुदर्शन आत आला, खुर्चीत बसला, माऊस हलवला. भोंगा!

तो पुन्हा बाहेर. थोड्या वेळाने भोंगा गप्प. तो पुन्हा आत. भोंगा! तिकडे गाव आपलं घरातून रानात आणि रानातून घरात. बायांचं कांद्यापेक्षा पळणंच जास्त झालं, आणि अंगणातल्या लोखंडाच्या ढिगात कुणाचा विळा कुठला हे कुणालाच कळेना.

"भाऊ, एक बोलू का?" हौशीराम शेवटी म्हणाला. "राग मानू नको. पण तू आत आला की वाजतंय."

"काहीतरीच काय!"

"मंग तू जा चहाला. मी बसतो हितं एकला."

हौशीराम दुपारपर्यंत यंत्राखाली एकटा बसला. बसला म्हणजे झोपला. भोंगा चकार शब्द बोलला नाही. सुदर्शन चहा पिऊन आला, खुर्चीत टेकला, माऊसला हात लावला, आणि छपरावर गोंधळ सुरू.

आता या भानगडीत तिसराही एक जण होता, जो टेबलावर साळसूदासारखा बसून होता. पण कॉम्प्युटरवर संशय घेण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही. तो वर्षानुवर्षं तिथं होता, सरकारी होता, आणि आजवर त्याने कधी काही केल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

निकाल दिला तो बयाबाईंनी. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या. आपण अजून जिवंत आहोत याचा दाखला न्यायला त्या आल्या होत्या. भोंगा वाजला तशी सगळी पळाली, त्या तेवढ्या बाकावर बसून राहिल्या. त्यांनी सुदर्शनला वरून खाली, मग खालून वर बघितलं.

"पायाळू हाय ह्यो," त्या म्हणाल्या.

झालं! जन्माला येताना ज्याचं डोकं आधी यायच्या ऐवजी पाय आधी येतात तो पायाळू, आणि अशा माणसाला वीज हुडकत येते, हे खडकमळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. वीज पायाळूला हुडकते. मग विजेचं यंत्र पायाळूला बघून वाजणार नाही तर काय कीर्तन करणार? हौशीरामने तर कपाळावर हात मारून घेतला. इतकं सरळ होतं आणि आपल्याला सुचलं नाही, म्हणून.

संध्याकाळच्या आत बातमी सुदर्शनच्या आईपर्यंत, चिमाबाईंपर्यंत पोचली. चिमाबाई तशाच पीठ लागलेल्या हातांनी ग्रामपंचायतीवर आल्या.

"कोण म्हणतं माझ्या पोराला पायाळू? नऊ म्हयने मी वागवला, आन आधी डोकं आलं का पाय, ते ही बयाबाई सांगणार?"

"तुला शुद्ध तरी व्हती का गं?" बयाबाई थंडपणे म्हणाल्या. "तुझं बाळतपण म्हायेरी, आहुप्याला. तिथली सुईण कवाच वारली. साक्षीला हाय कोण?"

"मी हाय की! मला माझं पोर कळायचं न्हाई?"

"आई काय, आई झाकणारच."

जन्माच्या दाखल्यावर नाव असतं, तारीख असते, आईबापाचं नाव असतं. पोराची कुठली बाजू आधी आली ते तेवढं नसतं.

दुसऱ्या दिवशी सुदर्शन कामावर आला तर दारात रांग. तो खूश झाला. एवढे दाखले एका दिवसात? पण रांगेतली माणसं सगळी वाकडी उभी होती. कुणी कमरेवर हात दिलेला, कुणी भिंतीला टेकलेला, एक जण तर सरळ काटकोनात.

"हे काय?" त्याने हौशीरामला विचारलं.

"उसण भरलेली माणसं हायेत," हौशीराम म्हणाला. "पायाळूची लाथ बसली की उसण पळती. मी नंबर लावून दिलेत. तू फकस्त लाथा घाल."

"मी? लोकांना लाथा? हौशीराम, ही ग्रामपंचायत आहे!"

"मंग? लोकांची कामं व्हायला नगंत?"

पहिलाच नंबर त्याच्या शाळेतल्या गुरुजींचा निघाला. सुदर्शनला घाम फुटला. "गुरुजी, मला जमायचं नाही," तो गयावया करू लागला. "अरे, मी तुला एवढ्या छड्या दिल्या, त्यातली एक परत दे असं समज," गुरुजी भिंतीकडे तोंड करून म्हणाले. सुदर्शनने आधी पाया पडून घेतलं, मग डोळे मिटून हळूच लाथ घातली, मग पुन्हा पाया पडला. गुरुजी 'अगं आई गं' म्हणून ताठ झाले आणि ताठच घरी गेले. त्यानंतर रांग आवरेना.

मग सरपंच मंगलताई आल्या. बाई खमकी. त्यांनी रांग पांगवली, दार लोटून घेतलं आणि सुदर्शनला धारेवर धरलं.

"हे बघ, तू आत आला की भोंगा वाजतो आन गाव काम टाकून पळतं. कांदं उन्हात पडल्यात, साठवणीच्या बराखीत भरायचं राहिल्यात. तू न्हाई आला तर दाखलं अडत्यात. मी करू तरी काय? वरनं तंबी हाय, मशीन बंद करायचं न्हाई."

"ताई, मी पायाळू नाहीये हो!"

"ते मला कळत न्हाई. उद्यापास्नं दुपारी जेवणाच्या टायमालाच ये. गाव तसं बी घरात असतं." मंगलताई दाराशी गेल्या, थबकल्या, माघारी फिरल्या आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "आन जाता जाता... एक मारून जा. डाव्या अंगाला. कुणाला बोलायचं न्हाई."

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण सुदर्शनचं लग्न ठरलेलं होतं. दोन तालुके पालथे घातल्यावर, 'मुलगा खेड्यात राहतो' आणि 'नोकरी कायम नाही' ही दोन वाक्यं ऐकून ऐकून कान किटल्यावर, महाळुंगे पडवळच्या दादाभाऊंनी आपली वृषाली त्याला द्यायचं कबूल केलं होतं. साखरपुडा झाला होता, तारीख तेवढी काढायची राहिली होती. बरं, नुसतं ठरलं म्हणून नव्हे. पोरगी त्याला मनापासून आवडली होती. फोनवर ती हसली की तो पुढचा अर्धा तास दाखल्यांवर चुकीची नावं टाइप करायचा. आणि ज्याच्यावर कधीही वीज पडेल अशा पोराला कुठला बाप आपली मुलगी देईल?

बुधवारी दादाभाऊंचा फोन आलाच. "सुदर्शनराव, शुक्रवारी येतोय तुमच्याकडं. समोरासमोरच बोलू. फोनवर बोलण्यासारखं न्हाई."

सुदर्शन खाली बसला तो बसलाच. चिमाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "मोडलं रं बाबा लगीन," त्या म्हणाल्या. "मेली ती बयाबाई. हिला जित्तेपणाचा दाखला दिलास तू?"

शेवटी त्याने वृषालीलाच फोन लावला. वृषालीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि मंचरला टीव्ही-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात ती कामाला जायची.

"तुझ्या बाबांच्या कानावर गेलंय वाटतं," सुदर्शन रडवेल्या आवाजात म्हणाला.

"गेलंय. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई त्यांच्या."

"वृषाली, मी खरंच पायाळू नाही गं."

"तुम्ही असा नाहीतर नसा, ते मशीन माणसाचे पाय बघून वाजत नसतं," ती म्हणाली. "अहो, वीज कडाडली की रेडिओत खर्रर्र होतं का नाही? ते मशीन तेवढं खर्रर्र ऐकत बसलेलं असतं. तुमच्या खोलीत दुसरंच काहीतरी खर्रर्र करतंय, आणि त्याला वाटतंय वीज आली."

"पण पायाळूला बघून वाजत नाही हे तुला काय माहीत?"

"मला माहितीये," ती म्हणाली. "पुढचं विचारू नका. उद्या मी सांगते तसं करा."

गुरुवारी तपासणी सुरू झाली. वृषाली फोनवर, सुदर्शन टेबलाशी, आणि हौशीराम छपरावर. हौशीरामला छपरावर धाडला होता, कारण दरवेळी भोंगा वाजून गावाची पळापळ नको म्हणून मंगलताईंनी भोंग्यावर गोधड्या टाकायला सांगितल्या होत्या.

"कॉम्प्युटर पार बंद करा. भिंतीवरच्या बटनापासनं," वृषालीचा हुकूम आला. "केला? आता मशीनखाली उभे राहा. वाजलं?"

"नाही."

"हात लावा त्याला."

"हात? आणि मेलो तर?"

"मेलात तर फोन खाली पडल. मला आवाज येईल."

सुदर्शनने देवाचं नाव घेऊन बोट लावलं. मग हात लावला. मग चक्क यंत्राला मिठी मारली. यंत्र ढिम्म. त्या क्षणी त्याला जो आनंद झाला तो साखरपुड्यालाही झाला नव्हता.

"आता नुसता पडदा चालू करा."

पडद्याला यंत्राने भीक घातली नाही. मग सुदर्शनने टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा चालू केला, आणि छपरावर, गोधड्यांच्या आतून, पोट दुखणाऱ्या रेड्यासारखा आवाज निघाला. गाव बाहेर आलं. भोंगा ओळखीचा नाही, वीजही दिसत नाही. पळायचं की थांबायचं हे न कळून निम्मं गाव घरात पळालं आणि निम्मं रानात, आणि चावडीपाशी दोन्ही निम्म्यांची टक्कर झाली.

"डबाच चोर आहे!" सुदर्शन ओरडला.

"खात्री करून घ्या. जवळ रेडिओ आहे का कुणाचा?"

रेडिओ हौशीरामचा. छपरावरून उतरून त्याने तो आणला. पोथीसारखा कापडात गुंडाळलेला. तो भिंतीशी धरला तर बातम्या स्पष्ट, आणि डब्याशी नेला की निवेदिकेच्या घशात खडे अडकल्यासारखं खर्रर्र. हौशीरामचं तोंड उतरलं. "माझ्या रेडिओला बी पायाळू केला व्हय ह्यानं!"

"आता अर्थिंग बघा," वृषाली म्हणाली. "कचेरीच्या मागं जमिनीत पाइप रोवलेला असंल. डब्यातली घाण त्या तारेनं जमिनीत जायला पाहिजे. ती जात न्हाई म्हणून त्याच बोर्डातनं मशीनच्या कानात शिरतीये."

सुदर्शन मागच्या अंगाला गेला. पाइप होता. पाइपाला शेळी बांधलेली होती. शेळीने ओढून ओढून पाइप कलता केला होता, आणि अर्थिंगची तार तुटून तिच्या पायाशी लोळत होती.

"हौशीराम, हे काय आहे?"

"शेळी."

"शेळी दिसतीये मला. इथं कशाला बांधली?"

"मंग पाइप कशाला रोवलाय?" हौशीराम भाबडेपणाने म्हणाला. "मला वाटलं शेळीसाठीच हाय. म्हणलं, सरकारनं कधी न्हाई ते गरिबाचा इचार केला."

सुदर्शन शेळीच्या मानेत तोंड खुपसून हसला की रडला हे हौशीरामला नीटसं कळलं नाही. तार लगेच जोडायची का, असं सुदर्शनने विचारलं; पण वृषालीने फोनवरून बजावलं, "आज काही जोडू नका. उद्या बाबांना दाखवायला बिघाड शिल्लक पाहिजे."

शुक्रवार उजाडला. दादाभाऊ आले, मंचरला सामान आणायचंय या निमित्ताने वृषालीही बरोबर आली. पाहुणे घरी न्यायच्या ऐवजी सरळ ग्रामपंचायतीत आणले, तेव्हा दादाभाऊ जरा बावचळले. आत मंगलताई, बयाबाई, गुरुजी, आणि खिडक्यांत उरलेलं गाव. चिमाबाई इरकली नेसून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. वृषाली आत आली, सगळ्यांच्या पाया पडली आणि जागा नसल्यामुळे यंत्राखालच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

"विहीणबाई, मला जरा बोलायचं व्हतं," दादाभाऊ सुरू झाले.

"पावणं, आधी पोराचं बघा, मंग बोला," चिमाबाईंनी त्यांना तिथंच थांबवलं. "लोकं काय बी उठवत्यात. सुदर्शन, दाखव!"

सुदर्शनने घसा साफ केला. "मामा, कॉम्प्युटर बंद आहे. मी मशीनपाशी उभा आहे. वाजलं? नाही. आता हे हौशीराम. हे डोक्याकडूनच जन्मले, सगळ्या गावाला माहीत आहे. हे कॉम्प्युटर चालू करतील आणि भोंगा वाजेल. हौशीराम, लावा!"

हौशीरामने बटन दाबलं. डबा सुरू झाला. पडदा उजळला. भोंगा गप्प.

"न्हाई वाजला," बयाबाई म्हणाल्या.

"वाजेल, वाजेल." सुदर्शनच्या कपाळावर घामाचे थेंब. त्याने स्वतः माऊस हलवला, डब्याला थापटी मारली, यंत्राला खालून वरून बघितलं. शुकशुकाट. खिडकीतून कुणीतरी च्यक् च्यक् केलं. हौशीराम हळूच सुदर्शनच्या कानाशी आला.

"भाऊ, मी सकाळी तार जोडली."

"काय?"

"शेळी बी घरी नेली. म्हणलं, तुझं लगीन माझ्या शेळीपायी मोडायला नगं. पुण्याचं काम व्हतं रं."

"हौशीराम, पळा! तोडा ती तार!"

हौशीराम मागच्या दाराने धावला. आणि मग छपरावर असा काही भोंगा उठला, गोधड्या काढलेल्या होत्या त्यामुळे पुरा मोकळ्या गळ्याने, की गुरुजी बाकाखाली गेले. सुदर्शन लगेच खोलीबाहेर पळाला आणि अंगणातून ओरडला, "मामा, मी बाहेर आहे! तरी वाजतंय! बघा!" मग हौशीरामने तार जोडली, भोंगा थांबला, तोडली, वाजला, जोडली, थांबला. त्याला गंमत वाटून तो आणखी करणार होता, पण मंगलताईंनी मागे जाऊन हात धरला.

गावाने टाळ्या वाजवल्या. बयाबाई नाइलाजाने म्हणाल्या, "बरं, न्हाई पायाळू." चिमाबाईंच्या चेहऱ्यावर तर साखर सांडली. "बघितलं ना पावणं? माझं पोर सरळ! डोक्याकडनं आलेलं! काडीचा डाग न्हाई!"

पण दादाभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते मटकन बाकावर बसले.

"म्हंजे... अजिबात पायाळू न्हाई?"

"अजिबात नाही, मामा," सुदर्शन अभिमानाने म्हणाला.

"थोडंसं बी न्हाई?"

"दचकलात कशाला? झालं की सगळं साफ," चिमाबाई म्हणाल्या.

दादाभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. "काय सांगू, विहीणबाई. तुमचा पोरगा पायाळू हाय कळलं तवापास्नं मला आनंदानं झोप न्हाई. म्हणलं, देवानंच जोडा जुळवला. आज सांगून टाकायला आलतो. आमची वृषाली पायाळू हाय."

सगळ्यांनी वृषालीकडे बघितलं. ती यंत्राखालीच उभी होती.

"मला लपवायचं नव्हतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. "दोन ठिकाणची बोलणी यावरनं मोडली, म्हणून बाबा म्हणाले गप्प बस. मी रोज असल्या मशिनींत हात घालते, एक वाजत न्हाई. आत्ता आल्यापासनं याच्याच खाली उभी आहे. कॉम्प्युटर चालू होता, तार जोडलेली होती, वाजलं का? पण तुम्हाला पटत नसेल तर आम्ही निघतो. यांनी मला फोनवर एवढं सांगितलं तसं मीपण यांना सांगायला पाहिजे होतं. एवढंच चुकलं माझं."

"मला चालतंय," सुदर्शन पटकन म्हणाला. "मला लई चालतंय!" इतका वेळ शुद्ध बोलणाऱ्या ऑपरेटरची भाषाही घाईत घसरली. पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सगळं गाव चिमाबाईंकडे बघत होतं.

"म्हंजे तुमी आमच्यापास्नं लपवलं?" म्हणत चिमाबाई तावातावाने खुर्चीतून उठल्या. अर्ध्यातच कमरेत अशी काही चमक निघाली की तिथल्या तिथं अडकल्या. ना धड उभ्या, ना धड बसलेल्या. बोट दादाभाऊंवर रोखलेलं, तोंड जमिनीकडे.

"आयाई गं! धरली! उसण धरली!"

सुदर्शन धावला, तर बयाबाई म्हणाल्या, "तू सर बाजूला. तुझ्या लाथंत आता काय राम?"

हे खरंच होतं. मंगलताईंनी वृषालीकडे बघितलं. गुरुजींनी वृषालीकडे बघितलं. खिडक्यांतल्या सगळ्या सासवांनी आणि सगळ्या सुनांनी वृषालीकडे बघितलं. सुनांनी जरा जास्तच आशेने. वृषाली दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

"आत्या, मी... तुम्हाला लाथ कशी मारू?"

चिमाबाई वाकलेल्याच होत्या. जमिनीकडे बघत त्या बराच वेळ कण्हल्या. मग म्हणाल्या, "इचार काय करतीस? मार की. लगीन झाल्यावर मारलीस तर गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हायची न्हाई. आत्ता मार, अजून सासू झाले न्हाई."

दादाभाऊंच्या हातातली टोपी खाली पडली. वृषालीने आधी चिमाबाईंच्या पायांना हात लावला, पदर खोचला आणि लाथ घातली. हळूच घातली, पण जागेवर. चिमाबाई कण् करून सरळ झाल्या. त्यांनी कंबर डावीकडे वळवून बघितली, उजवीकडे वळवून बघितली. मग पोरीला जवळ ओढून तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"पावणं, तारीख काढा," त्या म्हणाल्या. "जवळातली जवळ काढा. आन ही लाथंची गोष्ट या खोलीबाहेर जाऊ देऊ नका. माझ्या जावंची कंबर चार वर्सं धरलीय, आन तिचं बी एक पोर लग्नाचं हाय."